टेबलावरची नळी

— नाही, डॉक्टर, 'कातडीवरचे जंतू चुकून आले' असं मी रिपोर्टात लिहिणार नाही. खुर्ची ओढा, उभ्या उभ्या वाद नको. गंमत बघा — त्या आठ दिवसांच्या बाळाचं रक्त तुम्हीच काढलंत ना? म्हणजे स्वतःच्या हाताला नावं ठेवायला तयार, 'माझ्याकडूनच नीट पुसलं गेलं नसेल' म्हणताय, पण माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला तयार नाही. याला काय म्हणायचं?

मान्य — रंग दिल्यावर दिसतात ते आखूड जांभळे दांडकेच, आणि असले दांडके बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतात. लॅबमधल्या नव्या मुलींना मीच शिकवते तसं. पण जंतू वाढवायच्या रक्ताच्या प्लेटवर त्यांच्याखाली पुसटसं कडं पडलंय, रक्त विरघळल्याचं — उजेडासमोर धरली तरच दिसतं. धरली होतीत? नाही ना. मग मी ते दोन नळ्यांत वाढवले. एक ठेवली अंगाइतक्या उबेत, दुसरी इथं टेबलावर, उघड्या हवेच्या गारव्यात. उबेतले सुस्त पडलेत. टेबलावरचे कोलांट्या मारताहेत. कातडीवरचे तुमचे पाहुणे कोलांट्या मारत नाहीत, डॉक्टर. तान्ह्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचणारा लिस्टेरिया जंतू मारतो. आणि तुम्ही चालू केलेलं इंजेक्शन त्याला लागू पडत नाही, हे मी सांगायला हवं का?

ताप उतरलाय, दूध ओढतंय, दुपारी घरी सोडायचंय — ऐकलं मी. वॉर्डात मला 'भोंगा' म्हणतात, तेही ऐकलंय. लेकीला उचकी लागली तरी हिला मेंदूज्वर दिसतो म्हणे. दिसतो. नवरा म्हणतो, ही साबणसुद्धा धुऊन वापरते. खरंय. म्हणून तर टेबलावरच्या नळीतला थेंब मायक्रोस्कोपखाली पुन्हा पुन्हा लावून पाहिला — दर वेळी स्वतःला बजावलं, तुझ्यातल्या आईला दाराबाहेर ठेव, नुसता डोळा आत आण. पण डोळा काय वेगळा काढून आणता येतो? शेवटी म्हटलं, असू दे ती आतच. आईला काय कोलांटी ओळखता येत नाही?

चुकले तर हसा. बाळाला चार सुया जास्त टोचल्या जातील, मी त्याच्या आईची माफी मागेन — तिला तसं सांगूनच आलेय मघाशी. हो, वर गेले होते. म्हटलं, कुणी काही म्हणो, बॅग भरू नकोस, मी सांगेपर्यंत हलू नकोस. नाही, मला तो अधिकार नाही, माहितेय. करा ना तक्रार, खुशाल करा, मी कुठे पळून चाललेय? तिनं विचारलं, ताई, तुम्हाला मुलं आहेत का — मी सरळ जिना उतरले. बोलले असते तर रडले असते, आणि रडणाऱ्या बाईचं ऐकतं कोण?

या इकडे. थेंब लावलेलाच आहे. चष्मा काढा... तो बारीक स्क्रू हळू फिरवा, हळू... थांबा आता.

दिसलं ना?

मग बसलात काय असे — जा वर. आधी औषध बदला. तक्रार नंतर लिहा.