टाचण्यांचा कोट

धाकटी : “शेवटची मुलगी गाडीत चढल्याशिवाय तू चढायचं नाही.” मला कप्तान केलं त्या दिवशी बाईंनी एवढंच सांगितलं. तुलाही हेच सांगितलं होतं ना रे, दादा?

दादा : सांगितलं होतं. पण बाई आपल्याला फुटबॉल शिकवायच्या, मंडळ चालवत नव्हत्या. आता हात वर कर, काकूंना कोट बसवू दे. थोड्या वेळात स्टेजवर बोलावतील. दोन संघांचे दोन कप्तान, सख्खी भावंडं, समान मानधन. फोटोवाले केव्हाचे ताटकळलेत.

शिंपीकाकू : श्वास घ्या, पण बेताने. पाठीत टाचण्या आहेत.

धाकटी : काकू, हा कोट कुणाचा?

शिंपीकाकू : पुरुषांच्या संघाचा, गेल्या वर्षीचा. बायकांचे कोट शिवायला कुणी सांगितलंच नव्हतं. आज सकाळी फोन आला. समोरून नीट दिसलं की पुरे, म्हणाले.

धाकटी : खिशात काहीतरी चिकट लागतंय... शी. कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम.

दादा : दे इकडे, टाकतो. एवढ्यावरून तोंड वाकडं करू नकोस. दर सामन्याला मला जेवढे, तेवढेच तुला. असं आजवर कधी झालंय? उद्या पेपरात येईल.

धाकटी : आणि आमचे सामने निम्म्याहून कमी केले, ते येईल पेपरात?

दादा : तुला कुणी सांगितलं?

धाकटी : सांगायला कशाला हवं? फळ्यावर वेळापत्रक लागलंय. दर सारखा केला आणि सामनेच कापले. हातात पडणार ते पहिल्यापेक्षाही कमी. महिन्याचा पगार तुम्हालाच. आम्हाला खेळलो तरच पैसे.

दादा : तुमच्या सामन्यांना माणसं येत नाहीत गं. मैदानाचं भाडंसुद्धा सुटत नाही.

धाकटी : कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवल्यावर कोण येणार? आई आली होती. तिला फाटकावरच्याने विचारलं, आज आत काही आहे का?

शिंपीकाकू : हलू नका, टोचेल.

धाकटी : ज्या बैठकीत हे ठरलं, तिथे तू होतास ना?

दादा : होतो.

धाकटी : काय म्हणाले?

दादा : जाऊ दे ना आता.

धाकटी : दादा.

दादा : अध्यक्ष म्हणाले, देऊन टाका सारखे, सामने कमी केले की आपोआप बसतंय सगळं. हसले सगळे.

धाकटी : आणि तू?

दादा : मी चहा घेत होतो.

धाकटी : आणि बाहेर येऊन मला फोन केलास, तोंड गोड कर म्हणून. मी वेडी, सगळ्या मुलींना घरी बोलावलं.

दादा : मी एकटा काय बोलणार होतो? माझाही करार संपत आलाय. हे बघ, आज इथे आकांडतांडव करू नकोस.

धाकटी : माझा आवाज चढलाय का? राग आला असता तर बरं होतं. दोन शब्द बोलून मोकळी झाले असते. मला किळस आलीय. ह्या कोटाची, त्या हसण्याची, तुझ्या त्या चहाचीसुद्धा.

दादा : स्टेजवर नाही आलीस तर कप्तानपद जाईल. पुढच्या वर्षी संघातसुद्धा घेणार नाहीत. मग खेळशील कुठे?

धाकटी : माहीत आहे. बाकीच्या मुली कुठे आहेत, पाहिलंस?

दादा : मागच्या रांगेत बसवल्यात. आहेत की सगळ्या.

धाकटी : सगळ्या नाहीत. आमची भिंत बाहेर आहे.

दादा : भिंत?

शिंपीकाकू : गोलकीपर ना त्यांची? कुबड्या घेतलेली. मी आले तेव्हा फाटकापाशी उभी होती. पहारेकरी म्हणत होता, तुम्ही आता खेळाडू नाही, आत सोडता येणार नाही.

धाकटी : सामन्यात गुडघा गेला तिचा. त्या दिवशी आमचा डॉक्टर तुमच्या सरावाला पाठवला होता. मग म्हणाले, जी खेळत नाही तिचा करार कशाला? आणि आज ती इस्त्रीचे कपडे घालून आलीय, दादा. आपल्याला टाळ्या वाजवायला.

दादा : मी बोलतो अध्यक्षांशी. कार्यक्रम उरकला की लगेच.

धाकटी : तू एकदा एका पोराला पेट्रोल पंपावर विसरून गाडीत चढला होतास, आठवतं?

दादा : बाईंनी मला भर रस्त्यात उतरवलं होतं. जा म्हणाल्या, घेऊन ये त्याला.

धाकटी : काकू, टाचण्या काढा.

शिंपीकाकू : सगळ्या?

धाकटी : सगळ्या.

(शिंपीकाकू एकेक टाचणी काढून ओठांत धरतात. कोट खांद्यांवरून ओघळतो.)

दादा : स्टेजवर नाव पुकारतील तुझं. काय सांगू मी?

धाकटी : सांग, एक मुलगी अजून आत यायचीय. तिला आणायला गेलीय.

दादा : आणि नाहीच सोडलं तिला आत?

धाकटी : तर मीही तिथेच. पण तिला फार वेळ उभं राहवत नाही. काकू, ही तुमची खुर्ची नेते हं.