मुलासाठी मागे ठेवलेल्या गोळ्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या आपल्या डॉक्टरबाई, दवाखाना समितीचे सर्व सभासद, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो आहोत ते आपले औषधवाले काका, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि दवाखान्याच्या बाकावर कधी ना कधी माझ्या शेजारी खोकत बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी छापखानेवाला माणूस. इतरांची भाषणं छापण्यात आयुष्य गेलं, स्वतः करायची वेळ आज आली. आमच्या खेड्यातल्या शाळेत गुरुजी सांगायचे, बोलायला उभा राहिलास की आधी पाय जमिनीवर आहेत का बघ, मग तोंड उघड. पाय बघितले, जमिनीवर आहेत.

माझ्याआधी जे जे बोलले, त्या सगळ्यांनी शेवटी काकांना एकच विनंती केली. निवृत्त व्हा, पण जाऊ नका. दवाखान्यामागची खोली तुमचीच आहे, सकाळी तासभर औषधांच्या खिडकीत बसा, आम्हाला तेवढं पुरे. दर वेळी टाळ्या झाल्या. दर वेळी काकांनी 'बघू' अशी मान हलवली. आणि त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक दर वेळी पर्सचा पट्टा बोटाभोवती थोडा अधिक गुंडाळत गेली. माझं लक्ष तिकडेच होतं.

समितीने मलाही तेच काम दिलं आहे. सचिव म्हणाले, "तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. तुमच्या आईला त्यांनी बहीण मानलं होतं." खरं आहे ते. म्हणून आधी त्या बहीणभावांची गोष्ट सांगतो. विनंतीचं मग बघू.

आपल्या पोरांनी काकांचं नाव 'कडूकाका' ठेवलं, ते काही औषधामुळे नाही. काकांची जीभच तशी. आमचे बेकरीवाले शेठ एकदा खोकल्याच्या दोन बाटल्या घेऊन खिडकीशी आले. एक कफ सुटायची, एक खोकला दाबायची, आणि दोन्ही एकदम चालू. काका म्हणाले, "शेठ, एका बाटलीने कफाला म्हणता बाहेर ये, दुसरीने म्हणता आत बस. बिचाऱ्या छातीने ऐकायचं कुणाचं?" टॅक्सीवाल्या दादांना सर्दीची गोळी देताना म्हणाले, "ही घेतली की झोप येते. घेतलीस तर गाडी घरी ठेव. नाहीतर गिऱ्हाईक पोचेल लवकर, पण कुठे ते सांगता येणार नाही." दादा मागे बसलेत, हसताहेत, म्हणजे गाडी घरी ठेवली असणार.

एका वहिनींनी तापाची गोळी घेतली आणि वर सर्दीचीही घेतली. काकांनी दोन्ही पाकिटं उजेडात धरून त्यांनाच वाचायला लावली. दोन्हींत तापाचं औषध तेच. "वहिनी, नावं दोन आहेत, तुमचं लिव्हर एकच आहे." आणि सर्दीसाठी कुणी 'जरा जोरदार' अँटिबायोटिक मागितलं, की काका खिडकीतून अर्धे बाहेर यायचे. सर्दी होते विषाणूमुळे, हे औषध मारतं जिवाणूंना. "चोर पुढच्या गल्लीत आणि तुम्ही लाठी घेऊन निघालात मागच्या गल्लीत. मार खाणार कोण? तिथले गरीब रहिवासी." रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जायचं. आपल्यापैकी निम्म्या लोकांना औषधातलं जे काही कळतं, ते दुसऱ्याला बसलेली बोलणी ऐकून कळलेलं आहे. खरं ना?

या माणसाला माझ्या आईने फसवलं.

त्या काळी मी लांब, बंदराच्या शहरात एका छापखान्यात होतो. तळघरात यंत्रं, भिंतींना ओल, शाईचा आणि रॉकेलचा वास. मला सर्दीखोकला कायमचाच. आई इथे एकटी. रविवारी फोन लावला की मी 'कशी आहेस' म्हणायच्या आत ती विचारायची, "कफ सुटतोय का रे?" दुसरं बोलणं नाही. मी खोकला दाबून बोलायचो, तर म्हणायची, "दाबू नको, मला ऐकू येतंय."

एका थंडीत तिला न्यूमोनिया झाला. मला कळवलं नाही. डॉक्टरबाई तेव्हा नव्याने आल्या होत्या. त्यांनी अँटिबायोटिक दिलं, काकांनी खिडकीत बजावून सांगितलं की बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचा. ताप उतरला. थोड्या दिवसांनी पुन्हा चढला. पुन्हा औषध, पुन्हा उतार, पुन्हा ताप. डॉक्टरबाईंनी औषध बदललं. काकांना संशय आला.

"ताई, गोळ्या संपवल्यात ना?"

"संपवल्या की भाऊ."

"रिकामी पाकिटं दाखवा."

आईने पदराआडून पाकिटं काढून खिडकीत ठेवली. सगळी रिकामी. काकांनी ती मोजली आणि परत दिली.

आता हे मला कसं ठाऊक? तर एके दिवशी आमच्या गल्लीतला ट्रकवाला बंदरावर माल घेऊन आला आणि आईने दिलेला स्वेटर माझ्या हातात ठेवून गेला. स्वेटरच्या घडीत कागदाची पुडी. पुडीत सुट्या गोळ्या, दोन रंगांच्या. सोबत निरोप, "छातीला फार चांगल्या आहेत, मला लगेच गुण आला." मी खोकतच होतो. पण घ्यायच्या कशा? सकाळ-संध्याकाळ, की जेवणाआधी? म्हटलं, काकांनाच विचारू. दवाखान्यात फोन लावला.

"काका, आईने गोळ्या पाठवल्यात. कशा घेऊ?"

"कसल्या गोळ्या?"

मी रंग सांगितला, आकार सांगितला. काकांनी पुडीतल्या गोळ्या मोजायला लावल्या. मी मोजून सांगितल्या.

"मग कशा घेऊ, काका?"

"एकही तोंडात टाकू नकोस," ते म्हणाले. "तुला ताप आहे? धाप लागते? नाही ना? मग तुझी ती सर्दी आहे, तिला पाणी पाज आणि झोप दे. आणि ऐक, पहिल्या गाडीने घरी ये. त्या गोळ्या तुझ्या आईच्या पोटात असायला हव्या होत्या."

मी आलो. आई अंथरुणाला खिळलेली. छातीचा एक्स-रे बघून डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "इथे देता येईल असं हे शेवटचंच औषध. हेही अर्धवट राहिलं तर मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, आणि तिथे काय लागू पडेल, मी सांगू शकत नाही." बाई, तुम्हाला ते आठवत असेल. आईला काही वाटलं नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळलास."

काकांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. मला वाटलं, आता आईच्या नावाने कडू काहीतरी ऐकावं लागणार. पण ते रागावलेले नव्हतेच. म्हणाले, "तिला समजावून उपयोग नाही. तिला सगळं कळतं. बरं वाटायला लागलं की तिचा हात थांबतो, कारण पुढची गोळी तिला तुझी वाटते. तू समोर बस. तू घरातच असलास, तर मागे ठेवेल कुणासाठी?"

मित्रहो, हेच औषध होतं. मी मालकांना फोन करून रजा वाढवली आणि कोर्स पुरा होईपर्यंत घरात बसलो.

ते दिवस कसे सांगू? काही घडलं नाही. मी पाण्याचा पेला घेऊन उभा, ती गोळी हातात घेऊन बसलेली. "ही एक राहू दे, तुला जाताना होईल." "आई, मी कुठे चाललोय?" मग ती तोंड वाकडं करून गिळायची. "खोकतोस तू आणि औषध मला! कुठला न्याय रे हा?" माझी सर्दी गरम पाणी पिऊन आणि झोप काढून आपोआप गेली, त्याचा तर तिला रागच आला. "औषधाशिवाय बरा झालास? मग मी इतकी वर्षं जीव का टाकला?"

दुपारी ती तांदूळ निवडायची आणि मी नुसता बघत बसायचो. संध्याकाळी ती हात जोडून डोळे मिटायची, ओठ हलायचे. एकदा विचारलं, काय मागतेस? म्हणाली, "मागत नाही. आज तू घरात आहेस, तेवढं त्याच्या कानावर घालते." देवाशी असंही बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. अजून मी तसंच बोलतो, फक्त सांगण्यासारखं तेवढं नसतं.

आई बरी झाली. काकांनी तिची छाती वाचवली, असं मी म्हटलं तर ते डॉक्टरबाईंकडे बोट दाखवतील, आणि बाई काकांकडे. तो वाद मी मिटवत नाही. मी बंदरावर परत गेलो. त्यानंतर आई बरीच वर्षं जगली. मी सुटीला यायचो, सुटी संपली की जायचो. रविवारी फोन व्हायचा. ती गेली तेव्हा झोपेत गेली, कुठलाही आजार नव्हता, आणि मी जवळ नव्हतो. मग मी नोकरी सोडून कायमचा आलो, इथेच छापखाना टाकला. सगळं ठीक आहे. पण थंडीत घरात एकटा खोकलो की अजून माझा कान आतल्या खोलीकडे जातो. वाटतं, आता ती विचारेल. कुणी विचारत नाही.

एवढ्या वर्षांत आई आणि मी एका छपराखाली निवांत राहिलो ते तेवढेच दिवस. आज मला कुणी विचारलं की तुला काय परत हवंय, तर मी ते आजारपणाचे दिवस मागेन. कुणाची आई आजारी पडावी असं कोण मागेल? पण मी मागेन, देव मला क्षमा करो.

काका, आता तुमच्याशी बोलतो.

तुम्ही खिडकीत, फोन कान आणि खांद्यामध्ये धरून लेकीशी बोलताना मी किती वेळा ऐकलंय. "नातवाला वर्ष झालं नाही अजून, मध चाटवू नकोस. खोकल्याची बाटली तर नकोच. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब घाल. श्वास जोरात घेत असेल, तर मला विचारत बसू नकोस, डॉक्टरकडे पळ." फोन ठेवल्यावर तुम्ही थोडा वेळ समोरच्या माणसाकडे बघायचात, पण तो तुम्हाला दिसत नसे.

काल तुमच्या लेकीला मी सहज विचारलं, बाबा येतील का गं? ती म्हणाली, "बाबांनी पाठवलेली सगळी औषधं घरात आहेत. बाबा तेवढे नाहीत."

तुम्ही म्हणाल, इथे गरज आहे. आहे. पण खिडकीत आता तुम्हीच तयार केलेली मुलगी बसते. परवा मी तिच्याकडे सर्दीसाठी गोळी मागितली, तर तिने मला असं झापलं की मला तुमची आठवणही आली नाही. आमचं निभेल. दूर राहून केलेली काळजी खोटी नसते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ती पुडीत बांधून येते, काका, आणि घेणाऱ्याला ती कशी घ्यायची ते कळत नाही. माझ्या आईसाठी तुम्ही मला पहिल्या गाडीने बोलावलंत. आज मी तुम्हाला पहिल्या गाडीने जायला सांगतो. जा. तिच्या घरात जाऊन बसा. काही करू नका, नुसते बसा.

डॉक्टरबाईंचे, बोलायची संधी देणाऱ्या अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. शब्दांत कुठे कमीजास्त झालं असेल, तर अडाण्याचं म्हणून पोटात घाला. समितीची मात्र वेगळी माफी मागतो. सचिव साहेब, तुम्ही मला ज्या कामासाठी उभं केलंत, त्याच्या नेमकं उलट मी केलं. टाळ्या नाही वाजवल्या तरी चालेल. फक्त काकांच्या लेकीने मान वर केली आहे, तेवढं एकदा बघून घ्या.