मिर्लानची नवी गिटार

बिश्केकच्या ओश बाजाराच्या थांब्यावर माझ्यापुढे दोघं उभे होते. मिर्लानच्या पाठीवर बेस गिटार होती, एमिलच्या हातात गरम सामसा, तंदुरात भाजलेला समोसा.

"स्वस्तात मिळाली, एमिल. चिनी आहे, पण मान सरळ आहे."

"आवाज?"

"खरखर होती. मानेवरच्या फ्रेटच्या दोन पट्ट्या वर आल्या होत्या. म्हणून आजोबांकडे दिली. आपलं तीन तारांचं कोमुझ बनवतात ना ते."

"बसवल्या का त्यांनी?"

"उपटल्या. सगळ्या. म्हणाले, कोमुझला कधी पट्ट्या बघितल्यास का?"

"अरे देवा!"

"खाचांत जर्दाळूचं लाकूड भरलंय. हात फिरवून बघ."

"गुळगुळीत आहे रे. पण ही चौथी तार कुठाय?"

"तीही काढली. म्हणाले, तीन तारांवर आयुष्यभर लग्नं वाजवली, चौथी कशाला?"

"शनिवारी आपल्याला लग्नात वाजवायचंय, लेका! बोट कुठे ठेवायचं हे तुला कळणार कसं?"

"मीही तेच विचारलं. मग त्यांनी वाजवून दाखवलं."

"कसं वाजवलं?"

"दीड तास वाजवलं."

"अरे, पण कसं?"

"शनिवारी तेच येतायत."

"आणि तू?"

"मी खुर्ची आणतोय. ते बसून वाजवतात."