राक्षसाचं गाव

त्या दिवशी नेमकं काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही बघा. आपल्या कोल्हापुरातल्या गेमिंग कन्व्हेन्शनमध्ये मी एक टेबल चालवत होते. गोष्ट मी सांगायची, राक्षसाचं बोलणंही मीच बोलायचं आणि खेळणाऱ्यांनी फासे टाकून लढायचं, असा तो खेळ. लढाईची तयारी मी आठवडाभर केलेली. एक जागा रिकामी होती, म्हणून मुलीला सोडायला आलेले सर्जेरावकाका तिच्याशेजारीच बसले.

मी आवाज चढवला, "गुहेतून राक्षस बाहेर आला! काका, काय करणार?"

काका राक्षसाला, म्हणजे मलाच, म्हणाले, "पावणं, गाव कुठलं?"

मी गडबडले. तोंडाला आलं ते सांगितलं, "कळंबा."

"कळंबा जेलच्या आत का भायेर?"

"बाहेर."

"मग तळ्याजवळचं बापू वळखत असशीला. आमचं साडू."

राक्षसानं हो म्हणावं की नाही, मला सुचेना. मी होकारार्थी मान डोलावली.

"कोण लागत्यात तुमचं?"

"चुलते," मी बोलून गेले.

काकांनी मुलीच्या हातातला फासा काढून घेतला.

ती ओरडली, "पप्पा, राक्षस हाय त्यो!"

"असंल की. पण बापूंचा पुतण्या हाय."