चार कम्प्युटर आणि माझा मिक्सर

अहो, कोणी विश्वास ठेवेल तर शप्पथ… तुम्हाला सांगते, मी त्या कम्प्युटरांना बोटसुद्धा लावलं नाही, पण आमच्या पारोळ्याच्या घरात मला विचारतो कोण? आमची दिपमाला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातले चार जुने कम्प्युटर आणून पुढच्या खोलीत वायरींनी जोडले, म्हणे चौघांनी मिळून एकच मोठं गणित सोडवायचं, त्यासाठी एकमेकांना निरोप धाडायचे, निरोप धाडायच्या पद्धती दोन, एक जुनी, एक नवी, आणि त्यातली बरी कोणती ते उद्या धुळ्याला परीक्षकांपुढे सांगायचं. नाही सांगितलं तर वर्ष गेलं, पुण्याची नोकरी गेली, आणि माझे दीर प्रेमराजभाऊ तिच्यासाठी स्थळ घेऊन टपलेलेच!

आणि सकाळपासून चौघं गप्प. नवी पद्धत लावली, गप्प. जुनी लावली, तरी गप्प. मी बोटसुद्धा लावलं नाही हो, काळा मसाला दळत होते फक्त, तर भाऊ म्हणतात, "वहिनी, तुमना मिक्सरनीच घोटाळा कया." मग मिक्सर बंद, फ्रिज बंद, पंखा बंद, मी घामानं निथळतेय, पोरगी रडकुंडीला… मी चौथी शिकलेली बाई, काय करणार? चौघांना हळदकुंकू वाहिलं. तेही फुलानं हं, बोट नाही!

दुपारी पोरगी कपाळाला हात लावून म्हणते, "माय, बठ्ठा ऐकत बसेल शेतस, पहिले कोणी बोलतच नही." म्हणजे हिनंच चौघांना शिकवून ठेवलेलं, आधी दुसऱ्याचं ऐका, मग आपलं बोला. आता चौघंही कान देऊन बसले तर निरोप निघणार कुठून? मग नवी पद्धत काय नि जुनी काय! एकाला आधी बोलायला लावलं, तसे सगळे भडाभडा बोलायला लागले.

मला वाटलं, सुटले बाई. तर भाऊंना नवी शंका, असलं उफराटं पोरीला सुचलं कसं? आणि आमचं रत्न म्हणतं, "माय, तूच ना सांगस, पहिले मोठासनं ऐकानं, मंग बोलानं."

झालं! बोट न लावता पुन्हा मीच! अहो, मी पोरीला सांगितलं, पण मला कोणी सांगितलं? या घरात आल्या दिवसापासून माझं तोंड कोणी बंद ठेवलं? सगळे माझ्याकडे बघत होते, आतून सासूबाई चहा मागत होत्या… सासूचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता घेतेच बाई. कमलबाई.