लिव्हरचा सुटलेला कोपरा

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर बाप-लेक माझ्या शेजारीच बसले होते.

“बाबा, हातातल्या सुईवरची पट्टी ओढू नका.”

“चल घरी. सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसला, तेवढं कळलं ते बास झालं.”

“काय कळलं? चरबीच इतकी आहे, की डाग कसला ते सोनोग्राफीत ओळखू येत नाही. म्हणून तर शिरेतून औषध सोडून स्कॅन करायचाय.”

“आयुष्यात थेंबभर दारू घेतली नाही मी.”

“आणि आपल्या बेकरीतली उरलेली बिस्किटं रोज कोणी संपवली?”

“बरं, माझं चुकलं. ऊठ आता.”

“नाही उठणार. डॉक्टर म्हणाले ना, कधीकधी चरबी सगळीकडे चढते आणि एखादाच कोपरा सुटतो. मग तो चांगला कोपराच डागासारखा दिसतो.”

“म्हणजे भट्टीच्या तोंडाजवळचा पाव? सगळे लाल आणि तो एकटाच पांढरा?”

“तसंच. तो पाव तुम्ही न बघताच फेकायचात?”

“छे! आधी मोडून बघायचो, आत कच्चा आहे का.”

“आणि कच्चा निघाला तर?”

“तर तेवढा परत भट्टीत. हातपाय गाळून भागतंय होय?”

“मग?”

नर्सने दार उघडलं.

“पुढचं कोण?”

“मी. ताई, ही पट्टी जरा घट्ट चिकटवा. मघाशी मीच ओढली.”