पदरातला निंब

(१९५५चा पावसाळा. शेलूबाजारचा आठवडी बाजार, सकाळ. मैदानात कडुनिंबाच्या रोपांनी भरलेली बैलगाडी उभी.)

उत्तमराव: काल मी खड्डा खोदून घेतला, आज तुमी बुजवून टाकला. काहून, तुळसाबाई?

तुळसाबाई: मंग वांगे काय खड्ड्यात उतरून विकू?

उत्तमराव: बाजूले बसा नं. निंब मोठा झाला का सावली तुमच्याच डोक्यावर. आज वनमहोत्सव हाये. गावभर दवंडी दिली मी.

तुळसाबाई: दवंडी आइकली म्हनूनच बुजवला! सरकारी झाड जठी लागलं, थे जागा सरकारची. उद्या पट्टेवाला येईन अन् म्हनन, ऊठ म्हतारे. माही सासू अठीच बसे, मी अठीच बसतो. हे जागा गेली तं मी खाऊ काय?

उत्तमराव: असं कोनं सांगतलं तुमाले?

तुळसाबाई: सारा बाजार म्हनून राह्यला. धुरपता म्हनते, हिरी म्हनते.

जिजाबाई: पाहा. वृक्ष म्हंजे राष्ट्राची संपत्ती, असं तुमी बोंबलून सांगतलं. आता सकाळपासून गाडीवर एकच गिऱ्हाईक आलं, थे बी बकरी.

उत्तमराव: अवं, बायको हायेस का दुश्मन? दुपारी मंगरूळहून साहेब येऊन राह्यले. मी सरपंच, अन् माह्याच बाजारात एक झाड नाई. नाक कापल्या जाईन माहं.

जिजाबाई: नाक राहीन. मी कुंकू अन् तांदूळ घेऊन आली. बायाइच्या ओट्या भरतो, नारळाच्या जागी रोप.

उत्तमराव: वनमहोत्सवात हळदीकुंकू? साहेब काय म्हनतीन?

जिजाबाई: साहेबाले झाडं पाह्यजे का तुमचं भाषण? ओटीले कोनी नाई म्हनते का? अन् ओटीतलं सरकारचं कसं होईन? जिच्या पदरात पडलं, तिचं झालं.

तुळसाबाई: हे बराबर बोलली जिजा. ओटीतलं कोनी फेकत बी नाई. थांब, हाका मी मारतो, तुह्या नवऱ्याचा आवाज भाषणातच बसला. या वो बायाहो! कवळा निंब! सरपंचाच्या घरची ओटी! वो धुरपता, भाव मंग कर, अगुदर पदर पसर!

उत्तमराव: अरे बाप्पा, रांग लागली!

जिजाबाई: तुमी आता बोलू नका, नुसते रोपं द्या माह्या हाती. घे धुरपता. हे तुह्यं हाये, तुह्याच जागेपाशी लाव. हिरीबाई, वाक जराशी, कपाळापर्यंत हात नाई पुरत माहा.

उत्तमराव: धुरपताबाई तं लावून बी मोकळी झाली. टोपलीनं झाकून राह्यली, बकरीच्या धाकानं.

तुळसाबाई: मंग? ओटीचं हाये थे. बकरीची काय हिंमत! चाला, तुमची गाडी झाली रिकामी. मले वांगे विकू द्या आता.

जिजाबाई: रिकामी कुठं? एक रोप हाये अजून. पदर पसरा, आत्याबाई.

तुळसाबाई: मी? भुलली काय वो? कपाळ पाह्य माहं. हे गेल्यापासून कोनं कुंकवाले बलावलं नाई मले. दुसऱ्याच्या ओट्या पाहतो अन् घरी जातो.

जिजाबाई: कुंकू नाई लावत. तांदूळ अन् रोप देतो. थे तं घ्यान?

तुळसाबाई: बाया काय म्हनतीन?

उत्तमराव: अवं, सारे लोक पाहून राह्यले.

जिजाबाई: पाहू द्या.

उत्तमराव: म्हनूनच म्हनतो, मूठ मोठी घे. तांदूळ कमी नको पडू देऊ.

तुळसाबाई: जिजा... लय बरं वाटलं वो मले. वाटलं नव्हतं, आता कोनी माह्या पदरात काही घालन म्हनून.

जिजाबाई: डोये पुसा, आत्याबाई. गिऱ्हाईक उभं हाये वांग्याले.

तुळसाबाई: राहू दे उभं.

उत्तमराव: मंग उकरू का तुमच्या जागेवरचा खड्डा?

तुळसाबाई: उकरा. मी सरकून बसतो. हे टोपलं घ्या तिकडे.

उत्तमराव: हं, झाला खड्डा. आना इकडे रोप.

तुळसाबाई: थांबा नं, उत्तमभाऊ. जराशीक राहू द्या पदरात.